पिवळा झेंडा आणि माझा जुना पासपोर्ट नंबर

(या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत, बाकी आहे तसंच.)



माझी ओळख थोडक्यात. मूळचा रत्नागिरीचा, बीटेक झालो, गेली सहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मिरकरवाड्याला माझ्या मामाची मासेमारीची बोट आहे, मामा स्वतः तांडेल. म्हणजे समुद्र घरचाच. पण शिडाच्या बोटीतून एका देशातून दुसऱ्या देशात जाणं हा प्रकार मी जानेवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा केला. थायलंडमधलं फुकेत ते मलेशियातलं लंकावी. आजची गोष्ट त्या प्रवासाची कमी आणि पोचल्यानंतरच्या अठरा-वीस तासांची जास्त आहे.

आपल्याकडे शिडाची बोट म्हटलं की मोठे पराक्रम आठवतात. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. ते वाचूनच मला हे वेड लागलं. पण जगात हजारो माणसं अशी आहेत की जी विक्रमबिक्रम काही करत नाहीत. बोट हेच त्यांचं घर. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातात, भाजी आणतात, कपडे धुतात, इंजिन दुरुस्त करतात आणि सरकारी ऑफिसांत रांगेत उभी राहतात. त्यांना क्रूझर म्हणतात. मी ज्यांच्या बोटीवर होतो ते असंच न्यूझीलंडचं एक जोडपं, दोघंही पासष्टीच्या पुढचे. बोट ३८ फुटी. माझी एक नोकरी संपली होती, दुसरी सुरू व्हायला तीन आठवडे होते, आणि त्यांना रात्रीच्या पहाऱ्याला एक तरुण माणूस हवा होता. ओळखीतून जमलं. तोंडाने मी त्यांना नावाने हाक मारायचो, मनात मात्र काका-काकूच.

निघण्याआधी काकांनी एकच गोष्ट गंभीरपणे सांगितली. "बोटीवरच्या प्रत्येक माणसाच्या कागदांची जबाबदारी कॅप्टनची असते. तुला पलीकडे घेतलं नाही, तर तुला परत नेणंही माझ्याच डोक्यावर."

हे जरा समजून घ्या. विमानाने गेलात की तुमचा पासपोर्ट आणि तुम्ही, संपलं. बोटीने गेलात की बोटीचीही कागदपत्रं लागतात. बोटीचं रजिस्ट्रेशन, आधीच्या बंदराने दिलेलं पोर्ट क्लिअरन्स आणि क्रू लिस्ट, म्हणजे बोटीवर कोण कोण आहे, जन्मतारीख काय, पासपोर्ट नंबर काय, याची यादी. त्यावर कॅप्टनची सही आणि बोटीचा शिक्का. हो, बोटीचा रबरी शिक्का असतो! कायद्याने लागतो असं नाही, पण शिक्का असला की खिडकीपलीकडच्या माणसाचा चेहरा जरा सैल होतो. हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मी म्हटलं, काका, कागदांचं माझ्याकडे सोडा. लॅपटॉप उघडला, दहा मिनिटांत सुंदर क्रू लिस्ट तयार. पाच प्रती प्रिंट केल्या. काका खूश. फुकेतच्या चलाँग बंदरात आम्ही बोट थायलंडमधून रीतसर बाहेर काढली, आमच्या यादीवर तिथला शिक्का बसला, आणि सोमवारी दुपारी दोनला निघालो.

चलाँग ते लंकावीचं मुख्य गाव कुआह, साधारण १३० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. आमचा वेग ताशी पाच-सहा मैल. म्हणजे पूर्ण एक दिवस आणि एक रात्र. तीन-तीन तासांचे पहारे. रात्री क्षितिजावर हिरव्या दिव्यांच्या रांगा दिसतात, ते माकूळ पकडणारे मच्छीमार. दिसायला एकदम भारी, पण त्यांच्यामधून वाट काढताना डोळ्याला डोळा लागत नाही. मला सारखी मामाची आठवण येत होती. आम्ही त्यांना चुकवत होतो, आणि तिकडे रत्नागिरीसमोर मामा असाच कुणाच्या तरी वाटेत दिवे लावून बसला असेल.

मंगळवारी दुपारी वारा पडला म्हणून इंजिन सुरू केलं आणि अर्ध्या तासात अलार्म वाजायला लागला. इंजिन तापलं होतं. बोटीचं इंजिन समुद्राचं पाणी आत ओढून थंड होतं, आणि ते पाणी मागून धुराबरोबर बाहेर पडतं. मागे वाकून बघितलं तर पाणी येतच नव्हतं. काकांनी कॉक बंद केला, नळी सोडली, तारेने आत ढोसलं. एक प्लास्टिकची पिशवी! पंपातल्या रबरी पंख्याची पाती तुटली होती, तोही बदलला. दीड तास गेला.

तरी मी निवांत होतो. काकांना म्हटलं, "आत्ता चार वाजलेत, ऑफिस पाचला बंद होतं. नांगर टाका, डिंगी काढा, आरामात पोचाल." तेवढ्यात माझ्या फोनने मलेशियाचा टॉवर पकडला आणि घड्याळाने उडी मारली. ५:०२.

मलेशिया थायलंडच्या एक तास पुढे आहे. आणि मी कोण? सहा वर्षं टाइमझोनचे बग सोडवणारा माणूस. काकू एवढ्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा सांडला. काका म्हणाले, मंगळवार आहे म्हणून बरं. लंकावी ज्या राज्यात येतं त्या केदाहमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. गुरुवारी आलो असतो तर गणित आणखी बिघडलं असतं.

कुआहसमोर नांगर टाकला आणि उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवला. हा झेंडा म्हणजे, ‘आम्ही परदेशातून आलोय, आमची तपासणी अजून व्हायची आहे.’ तपासणी होईपर्यंत नियम असा की उतरायचं तर कॅप्टनने, तेही ऑफिसला जाण्यासाठी. बाकीच्यांनी बोटीवरच बसायचं. समोर दिवे लागलेत, जेटीजवळच्या त्या मोठ्या गरुडाच्या पुतळ्याभोवती लोक फिरतायत, वाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा वास येतोय. मलयमध्ये ‘कुआह’ म्हणजे रस्सा. गावाचं नाव रस्सा, आणि आम्ही समोर बसून डब्यातले बीन्स खातोय.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

रात्री दहाला काका-काकू झोपले. मी सकाळसाठी फाइल लावत बसलो. मलेशियात जाण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, डिजिटल अरायव्हल कार्ड. तो मी पासपोर्ट समोर ठेवून भरला होता. त्याची प्रत आणि क्रू लिस्ट शेजारी शेजारी ठेवली, आणि पोटात गोळाच आला. दोन्हीकडे माझे पासपोर्ट नंबर वेगळे होते.

काय झालं होतं ते दोन मिनिटांत कळलं. माझा पासपोर्ट वर्षभरापूर्वी नवा झाला. नवा पासपोर्ट, नवा नंबर. पण क्रू लिस्ट बनवताना मी माझी माहिती एका जुन्या एक्सेल फाइलमधून उचलली होती. कॉपी, पेस्ट. यादीत रद्द झालेल्या पासपोर्टचा नंबर. त्यावर काकांची सही, बोटीचा शिक्का आणि थायलंडचाही शिक्का. आम्ही तिघांनी ती यादी चार वेळा हाताळली होती, पण नंबर कुणी वाचलाच नव्हता.

आता मी तुम्हाला खरं सांगतो. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला? काकांना उठवावं, हा नाही. पहिला विचार हा की फाइल माझ्याकडे आहे, काकांच्या सहीचा आणि शिक्क्याचा स्कॅन माझ्याकडे आहे, बोटीवर छोटा प्रिंटर आहे. नंबर बदलायचा, नवीन प्रती काढायच्या, कुणाला कळणार पण नाही. ऑफिसात आपण प्रॉडक्शनवर गुपचूप फिक्स टाकतो ना, तसं. मी फाइल उघडली. नंबर बदलला. प्रिंटर चालू केला.

आणि थांबलो. मी फार सज्जन आहे म्हणून नाही थांबलो. सरळ भीती वाटली. थायलंडचा शिक्का असलेली प्रत जुन्या नंबरची, माझी प्रत नव्या नंबरची. कुणी दोन्ही बघितल्या तर ते चूक म्हणणार नाहीत, बनावट म्हणतील. आणि सही कुणाची? काकांची. बोट कुणाची? काकांची. ती बोट म्हणजे त्या दोघांचं घर आहे हो. मी तीन आठवड्यांनी पुण्यात असणार होतो.

तरीही रात्री उठवलं नाही. तेवढं धाडस नव्हतं. पहाटेपर्यंत डेकवर बसून राहिलो. आईला व्हॉट्सअॅपवर ‘पोचलो, सगळं ठीक’ असं पाठवलं. ते अर्धं खोटं होतं.

सहाला काका वर आले. मी दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले आणि सगळं सांगितलं. स्कॅनवाला भागसुद्धा. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. वाटलं, आता म्हणतील सामान बांध. त्यांनी गॅसवर पाणी ठेवलं, तीन कप काढले, आणि म्हणाले, "प्रिंटर बंद कर. तू माझ्याबरोबर येतोयस. मी विचारून घेतो."

त्यांनी एका कागदावर हाताने पत्र लिहिलं. यादी बनवताना चूक झाली, बरोबर नंबर हा, जबाबदारी माझी. खाली सही आणि शिक्का. ‘जबाबदारी माझी’ या शब्दांकडे मला बघवत नव्हतं. आधी ते एकटेच ऑफिसला गेले, विचारलं, आणि परत येऊन मला डिंगीतून घेऊन गेले.

इमिग्रेशनच्या खिडकीत हिजाब घातलेल्या, माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या बाई होत्या. त्यांनी यादी बघितली, पासपोर्ट बघितला, पत्र वाचलं. मग विचारलं, "हा दुसरा नंबर कुठून आला?"

मी म्हटलं, जुन्या पासपोर्टचा. "तो कुठे आहे?" घरी, रत्नागिरीत, आईच्या कपाटात.

आणि मला एकदम आठवलं. आपल्या पासपोर्टचं शेवटचं पान बघितलंय कधी? आईवडिलांची नावं, घरचा पत्ता, आणि त्याच पानावर जुन्या पासपोर्टचा नंबर, तो कधी आणि कुठे दिला होता, हे छापलेलं असतं. मी म्हटलं, मॅडम, प्लीज, शेवटचं पान.

त्यांनी पान उलटलं. यादीवरच्या नंबरावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला. मग परतीचं तिकीट मागितलं. होतं, लंकावीहून क्वालालंपूर आणि पुढे मुंबई, पण फोनमध्ये. त्यांना कागदावर हवं होतं. दुरुस्त केलेली क्रू लिस्टही हवी होती, काकांनी त्यांच्यासमोर सही केलेली. मी प्रिंटचं दुकान शोधत पळालो, घामाघूम होऊन परत आलो. या वेळी नंबर पासपोर्टमध्ये बघून टाइप केला होता. साडेअकराला माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला. पासपोर्ट परत देताना बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी कॉम्प्युटरमध्ये नाही, यात बघून लिही."

कस्टम्स आणि हार्बर मास्टरचं काम उरकून बोटीवर आलो. काकांनी पिवळा झेंडा उतरवायला मला सांगितलं. त्या जागी मलेशियाचा छोटा झेंडा चढवायचा, पाहुण्यांनी यजमानांना मान द्यायची ती पद्धत. दोरी ओढताना माझे हात थरथरत होते, हे काकूंनी बघितलं, पण काही बोलल्या नाहीत.

दुपारी तिघं मिळून गावात जेवलो. तव्यावरची गरम रोटी चनाई, सोबत डाळ, आणि उंचावरून ओतलेला फेसाळ चहा, तेह तारिक. बिल मी दिलं. काका नको म्हणाले नाहीत, आणि त्यामुळे मला बरं वाटलं.

पाच दिवसांनी मी परत निघालो. बोटीने आलेला माणूस विमानाने जाणार असेल तर त्याचं नाव क्रू लिस्टमधून रीतसर काढावं लागतं. तो कागद बनवायला काकांनी लॅपटॉप माझ्याकडेच सरकवला. मी टाइप केला, मग पासपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि नंबर मोठ्याने वाचला. दोनदा.

घरी आल्यावर मामाला सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो जाळं शिवत होता. म्हणाला, "अरे, खलाशाने बोटीत पाणी येतंय हे रात्रीच सांगायचं असतं. सकाळपर्यंत कशाला थांबलास?"

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

तर मंडळी, कधी अशा बोटीवर जायचा योग आला तर तीन गोष्टी करा. सगळ्या कागदांच्या प्रिंट जवळ ठेवा. पलीकडच्या देशाची वेळ आणि सुट्टीचे वार आधी बघा. आणि पासपोर्टचं शेवटचं पान आजच एकदा उघडून बघा, घरी असाल तर आत्ताच.

तुमच्याकडून कामात अशी एखादी चूक झाली असेल, आणि ती सांगावी की लपवावी यात रात्र गेली असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. नाव न घेता पुढच्या भागात ऐकवू. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.