नवी किडनी आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या

आम्ही धरणगावच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आजचा विषय आमच्याच चुकीतून निघालाय.

आमच्या गटातल्या एका ताईला तिच्या आईनं किडनी दिली. ताई मुंबईहून घरी आली तेव्हा आम्ही नारळ फोडला, साखर वाटली. डायलिसिसच्या फेऱ्या सुटल्या म्हणजे आजार सुटला, असंच आम्हाला वाटलं.

पण आपल्या अंगात एक राखणदार असतो. शेतात परकं गुरू शिरलं की जागल्या काठी घेऊन धावतो ना, तसा. त्याला रोगजंतू कळतो, पण आईची किडनी 'आपली' आहे हे कळत नाही. 1954 साली अमेरिकेत पहिली किडनी टिकली ती जुळ्या भावानं भावाला दिलेली. दोघांचं अंग इतकं सारखं की राखणदाराला फरकच समजला नाही. बाकी सगळ्यांना, सख्ख्या आईची किडनी असली तरी, राखणदाराला जरा गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या लागतात. किडनी काम करतेय तोवर, म्हणजे बहुधा जन्मभर. त्यातली टॅक्रोलिमस ही गोळी जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून 1984 साली सापडली. मातीतलंच औषध आहे, बरं का!

आता आमची चूक. ताई अशक्त दिसते म्हणून आम्ही तिला गुळवेलीचा काढा नेऊन दिला. करोनापासून 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे आपल्या तोंडी बसलंय. जी शक्ती डॉक्टर मुद्दाम कमी ठेवत होते, ती वाढवायला आम्ही निघालो होतो, तेही मायेनं.

दुसरी गोष्ट आम्हाला उशिरा कळली. कापसाचे पैसे अडकले होते, म्हणून ताई संध्याकाळची गोळी टाळत होती. विचारलं तर म्हणाली, "आते मी बरी शे, मंग गोया कसाले?" खरंच बरी दिसत होती. राखणदार किडनीवर उठतो तेव्हा सुरुवातीला बहुतेक वेळा काही दुखत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन तेवढं वाढतं. तिचं वाढलं होतं. परत मुंबई, किडनीचा तुकडा काढून तपासणी, इंजेक्शनं. डॉक्टरांनी काढा आधी बंद करायला लावला. किडनी वाचली, पण पहिल्यासारखी राहिली नाही.

राखणदार गुंगीत असला की साधा तापही साधा राहत नाही. ताप आला, लघवी कमी झाली, जुलाब लागले, तर घरी क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही. त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन करायचा. जुलाबात गोळीचं रक्तातलं प्रमाण बिघडतं. बुरशीच्या आणि टीबीच्या काही औषधांनीही बिघडतं, म्हणून गावातल्या डॉक्टरांना आधी सांगायचं, 'मला बसवलेली किडनी आहे.' पपनस खायचं नाही. साठवलेलं पाणी उकळून प्यायचं. गोळ्यांनी साखर वाढू शकते, हात थरथरतात, स्टिरॉइडनं चेहरा गोल होतो. ताईला बायका 'चांगली भरलीस गं' म्हणायच्या आणि ती घरी जाऊन रडायची. असं बोलू नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. मायकोफेनोलेट गोळी गर्भाला घातक असते, ती वेळेआधी बदलून घ्यावी लागते.

आणखी एक बोलायचंच आहे. 1995 ते 2021 या काळात देशात 36,640 प्रत्यारोपणं झाली, त्यातली बायकांची फक्त 6,945. किडनी द्यायला मात्र आई आणि बायको पुढे. त्यामुळे बाईला किडनी मिळणं हेच नवल. मग तिच्याच गोळीत काटकसर का व्हावी?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण बसतं. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांच्या या गोळ्यांसाठी महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आपल्याला ती लागू होते का, ते जिथे ऑपरेशन झालं तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकाला विचारा, लाजू नका. आम्ही गटाच्या वहीत 'गोळ्या' असं वेगळं पान केलंय. त्यातून उचललेल्या पैशांवर व्याज नाही.

पुढच्या महिन्यात ताईची तपासणी आहे. या खेपेला तिच्या आईलाही नेणार आहोत. एका किडनीवर ती शेतात राबते, आणि तिचं बीपी वर्षभरात कुणी बघितलेलं नाही.