वॉशिंग्टन आडनावाची कुळकथा

वॉशिंग्टन हे मुळात ईशान्य इंग्लंडमधील डरहॅम परगण्यातल्या एका खेड्याचे नाव. वास्सा नावाच्या अँग्लो-सॅक्सन माणसाच्या कुळाची वाडी, असा त्याचा उगम सांगितला जातो. डरहॅमच्या बिशपांनी ११८३ मध्ये आपल्या जमिनींची मोजदाद करवली. ती ‘बोल्डन बुक’ म्हणून ओळखली जाते. विल्यम द हार्टबर्न याने हार्टबर्न गाव सोडून त्याच्या बदल्यात वॉशिंग्टन घेतल्याची नोंद तीत आहे. चर्च व चर्चची जमीन यातून वगळलेली. खंड चार पौंड, शिवाय बिशपांच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर राहायचे. गाव बदलले तसे नावही बदलले. आपल्याकडे गावाला ‘कर’ लावून आडनाव पडावे, तसाच हा प्रकार.

थोरल्या शाखेत १४०० च्या सुमारास पुरुष वारस उरला नाही आणि गाव दुसऱ्या घराण्याकडे गेले. नाव मात्र धाकट्या शाखांनी दक्षिणेकडे नेले. लँकशायरमधील वॉर्टनच्या शाखेतला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीच्या व्यापारात कमावून नॉर्थॅम्प्टनचा महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये लॉरेन्सने सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेतली. तिथल्या वाड्याच्या दारावर घराण्याचे चिन्ह कोरलेले आहे: दोन आडवे पट्टे आणि वर तीन तारे. अमेरिकेच्या राजधानीचा ध्वज १९३८ मध्ये याच चिन्हावरून घेतला गेला. अमेरिकेचा राष्ट्रध्वजही त्यावरूनच आला, ही लोकप्रिय समजूत मात्र पुराव्यावर टिकत नाही.

याच वंशातला दुसरा एक लॉरेन्स एसेक्समधील पर्ली गावी पाद्री होता. यादवी युद्धाच्या काळात, १६४३ मध्ये, प्युरिटन पक्षाने त्याच्यावर दारूच्या गुत्त्यात पडून राहत असल्याचा ठपका ठेवून त्याला काढून टाकले. आरोपामागे राजकारण होते हे उघड आहे. घराला ओढगस्त आली. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारासाठी जहाजावरून व्हर्जिनियाला गेला आणि १६५७ च्या सुमारास तिथेच राहिला. १७३२ मध्ये जन्मलेला अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

जॉर्जला स्वतःचे मूल नव्हते. १७९९ मध्ये तो वारला तेव्हा माउंट व्हर्नॉनच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी त्याच्या स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना मृत्युपत्राने मुक्ती दिली होती. आडनावाचा पुढचा मोठा विस्तार रक्ताच्या वारसांकडून झाला नाही. अनेक गुलाम आपसांत आडनाव वापरीत, पण मालकांच्या वह्यांत बहुधा नुसते पहिले नाव लिहिले जाई. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यानंतर शाळेत, करारावर आणि शिरगणतीत पूर्ण नाव सांगण्याची वेळ आली. पुढे टस्कीगीची शिक्षणसंस्था उभारणारा बुकर शाळेत गेला, तेव्हा बाकीच्या मुलांना दोन-दोन नावे आहेत आणि आपल्याला एकच, हे हजेरीच्या वेळी त्याच्या ध्यानात आले. त्याची पाळी येताच त्याने ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगून टाकले. सावत्र बापाचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. राष्ट्राध्यक्षाच्या घराण्याशी असे काही नाते नसताना हे आडनाव घेणारे इतरही असंख्य होते.

अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसे नोंदली गेली. त्यांपैकी सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होती.