संघ कोणाचा, आठवण कोणाची?

(आसनगाव येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सायंकाळची कसारा गाडी आसनगावला थांबते, उतरलेली गर्दी जिन्याकडे धावते आणि फलाट मोकळा झाला की बाकावर बसलेले काही वृद्ध गृहस्थ दिसू लागतात. त्यांची उभी हयात मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यांत गेली. मुंबईस जाण्याचे कारण आता त्यांना उरलेले नाही. परंतु गाडीची वेळ अंगात मुरली आहे, म्हणून पाय स्टेशनकडे वळतात. त्यांच्यापुढे राजकारणाचा विषय काढला तर ते तो दोन वाक्यांत आटोपतात. कूपरेजच्या मैदानाचा विषय काढला तर मात्र पुढची गाडी येऊन जाते, तिच्या मागची येऊन जाते, आणि तरीही पंचाने दिलेला एक ऑफसाइड योग्य होता की अयोग्य, याचा निकाल लागलेला नसतो.

या गप्पांना रिकामटेकड्यांची करमणूक म्हणून बाजूस सारण्याची एक जुनी खोड पुरोगामी चळवळीला आहे. खेळ म्हणजे जनतेला पाजलेली अफू, असे एक सोपे सूत्र त्यासाठी हाताशी असते. वस्तुतः ज्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर समाजवादी कार्यकर्त्यांच्या पिढ्या घडल्या, त्या शाखेत मुले प्रथम येत ती खेळायला. बौद्धिक नंतर होई. खेळाच्या मैदानावर माणसे का जमतात आणि तेथून परतताना काय घेऊन जातात, याचा विचार करण्याचे ज्यांनी सोडले, त्यांच्या सभांना पुढे माणसे जमेनाशी झाली, हाही योगायोग नव्हे.

रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली मुंबईत सुरू झाली ती गोऱ्या पलटणींसाठी. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली, तेव्हा प्रथमच तो चषक भारतीय खेळाडूंच्या हाती आला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस या संघाने तो आपल्याकडे ठेवला. सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकी पेशातील प्रशिक्षकाची ती करामत. १९५८ साली मुंबईच्याच कॅलटेक्स संघाने चषक जिंकला, आणि मुंबईच्या कामगाराला आपला म्हणावा असा विजय मिळाला. पंच्याऐंशीच्या घरातील एखादा वृद्ध त्या दिवसाविषयी बोलू लागला की त्याच्या सांगण्यातील गोलांची संख्या आज एक असते, उद्या दुसरी. मात्र एक तपशील कधी बदलत नाही. सकाळची पाळी साडेतीनला सुटे, तेथून कूपरेजपर्यंत कसे पोहोचायचे, कोणी कोणाची पाळी बदलून घेतली, कोणी जॉबरच्या शिव्या खाल्ल्या आणि परतीची शेवटची गाडी चुकल्यावर रात्र कोठे काढली, हे सारे त्याला बिनचूक स्मरते. खेळ नव्वद मिनिटांचा असतो. पण त्या नव्वद मिनिटांसाठी मालकाच्या घड्याळातून जे तास त्याने सोडवून घेतले, ते त्याच्या लक्षात राहिले आहेत. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी जो लढा दिला, तो याच मोकळ्या तासांसाठी होता, हे येथे सांगण्याची गरज नाही.

नेव्हिल डिसोझा हे नाव निघाले की बाकावरील आवाज चढतो. मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा, कॅलटेक्सचा हा पुढच्या फळीतील खेळाडू. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने एकाच सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई. भारत तो सामना ४–२ असा जिंकला, उपांत्य फेरीत गेला आणि अखेर चौथा आला. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत त्याचे नाव आहे. १९८० साली तो वारला. आज शहापूरच्या शाळेतील मुलाला लिओनेल मेस्सीचे बूट कोणत्या कंपनीचे हे ठाऊक असते, नेव्हिल डिसोझा ठाऊक नसतो. यात त्या मुलाचा दोष काहीच नाही.

कॅलटेक्स, टाटा, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, शिवाय रेल्वेचे आणि बँकांचे संघ असे त्या काळच्या मुंबई फुटबॉलचे स्वरूप होते. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी तो खात्यात दिसे आणि दुपारी मैदानात. कामगाराच्या दृष्टीने तो शेजारच्या खात्यातील माणूस होता, म्हणून त्याचा गोल हा सगळ्या खात्याचा गोल ठरे. मालकाच्या दृष्टीने हा संघ म्हणजे जाहिरातीचा एक खर्च होता. दोन्ही दृष्टी एकाच संघावर इतकी वर्षे खिळल्या होत्या आणि त्यांतील अंतर कोणाच्या ध्यानी आले नाही, कारण तोवर ताळेबंद मांडण्याची वेळ आली नव्हती.

ती वेळ आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर आले, आणि पुढे गिरण्यांबरोबर गिरण्यांचे संघही गेले. रोव्हर्स स्पर्धा नव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला होता; त्याआधी फेडरेशन चषक आणि ड्युरँड चषकही त्याने जिंकले होते. २०१० साली मालक कंपनीने तो बंद केला. शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यावयाचे आहे, असे कारण देण्यात आले. शालेय फुटबॉलला कोणाचा विरोध असणार? परंतु संघाच्या मागे वर्षानुवर्षे कूपरेजवर उन्हात उभे राहणाऱ्यांना कोणी एका शब्दाने विचारले नाही. २०११ साली पंजाबातील जे.सी.टी. हा पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता संघही असाच मिटला. २०१६ साली गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपोने पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले होते. तो आय-लीगमध्ये परतला तो २०२४ साली, आठ वर्षांनी. २०२५ च्या जुलैत तर इंडियन सुपर लीगची स्पर्धाच आयोजक कंपनीने अनिश्चित काळासाठी थांबवली, कारण महासंघाशी असलेल्या कराराचे नूतनीकरण झाले नव्हते. लाखो लोकांची सायंकाळ एका कराराच्या कलमात अडकली होती, आणि त्या करारावर त्यांच्यापैकी एकाचीही सही नव्हती.

हे अटळ आहे काय? तसे म्हणणाऱ्यांनी लंडनच्या विम्बल्डन भागाकडे पाहावे. २००२ साली तेथील क्लब मालकांनी दूरच्या मिल्टन कीन्स या नगरात हलवण्याची परवानगी मिळवली. त्यावर समर्थकांनी सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवडचाचणी घेऊन स्वतःचा संघ उभारला, नवव्या पायरीवरून खेळण्यास आरंभ केला, आणि २०११ साली तो संघ इंग्लंडच्या मुख्य लीगमध्ये पोहोचला. २०२० साली तो आपल्या जुन्या वस्तीत परतला. जर्मनीत क्लबमधील बहुमताचा अधिकार सभासदांकडेच राहावा असा नियम १९९८ पासून आहे. हॅम्बुर्गच्या सेंट पाउली क्लबने तर २०२४ साली सहकारी संस्था स्थापून आपल्या मैदानाच्या मालकीचे भाग समर्थकांना विकले. वीस हजारांहून अधिक माणसे तिची सभासद झाली. साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या महाराष्ट्राला सहकाराची ही कल्पना परकी वाटू नये. कलकत्त्यात मोहन बागानच्या नावापुढे २०२० साली भांडवलदाराच्या संघाचे नाव जोडले गेले, तेव्हा १९११ च्या शील्डची आठवण सांगत समर्थक तीन वर्षे निषेध करीत राहिले. २०२३ साली ते नाव काढावे लागले. मालकी बदलली नाही, हे खरे. पण एका गोऱ्या पलटणीचा २–१ असा पराभव केल्याची शंभर वर्षांपूर्वीची आठवण कंपनीच्या कचेरीपर्यंत पोहोचली.

महाराष्ट्रातही याचे उदाहरण आहे, आणि ते मुंबईत नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ पेठांतून आणि तालमींतून उभे राहिले. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी लोटते ती पाहून मोठ्या शहरांनी लाजावे. तेथील संघ कोणा कंपनीने बंद करावयाचा म्हटले तर होणार नाही, कारण तो पेठेचा आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा. अर्थात तेथे सारे सोज्वळ आहे असे नव्हे. पेठेचा अभिमान दगडफेकीपर्यंत जातो, आणि मैदानावर स्त्रियांची उपस्थिती अजून तुरळक आहे. आपलेपणाला लोकशाहीचे वळण लागले नाही तर तो टोळीपणा होतो, हे राजकारणात काम करणाऱ्यांना वेगळे सांगावे लागू नये.

आता शहापूरकडे येऊ. तानसा, मोडकसागर आणि भातसा या जलाशयांचे पाणी नळांतून मुंबईस जाते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण येथे कोणाला शिकवावी लागत नाही. कूपरेजच्या हिरवळीवर पडणारे पाणीही याच डोंगरांतून गेलेले होते, आणि ती हिरवळ पाहण्यासाठी येथील माणूस दोन तासांचा प्रवास करून उभ्याने सामना पाहत होता. त्याच्या नातवाला मात्र गावात चेंडू मारण्याजोगी सपाट जागा मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. रेल्वेलगतच्या जमिनीवर इमारती उठत आहेत. समृद्धी महामार्गाने तालुक्याची जमीन घेतली आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. रस्त्याला विरोध करण्याचे हे निमित्त नव्हे. परंतु रस्त्याच्या, गोदामाच्या, वसाहतीच्या नकाशात खेळाचे मैदान कोठे आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेल्याचे फारसे ऐकिवात नाही.

तो विचारावा लागेल. प्रत्येक गावातील ज्या मोकळ्या जागेवर मुले आज खेळतात, तिचा सातबारा काढावा. ती गायरान आहे, शाळेची आहे, देवस्थानाची आहे की कोणाच्या खाजगी नावावर चढली आहे, ते पाहावे. आणि ती मैदान म्हणून राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडावा. आश्रमशाळांतील कातकरी, ठाकूर, वारली मुलांना त्या जागेवर गावातील मुलांइतकाच हक्क असेल, हे ठरावातच लिहून घ्यावे, कारण न लिहिलेला हक्क कोणाच्या वाट्याला येत नाही हे येथील अनुभवाचे आहे. मुलींच्या खेळाची वेळही त्यातच नोंदवावी.

आणखी एक लहान काम आहे. फलाटावरच्या बाकावर बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी एक-दोनने घटते आहे. शाखेच्या एखाद्या तरुणाने वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे आणि कॅलटेक्सचा सामना, महिंद्रची लीग, पाळी कोणी बदलून दिली, तिकिटाचे पैसे कोठून आणले, हे जसे सांगितले जाईल तसे उतरवून घ्यावे. गोलांच्या संख्येवरून वाद होईल. तो वादही वहीत उतरवावा, दोन्ही बाजूंसह. पाच वाजून गेले की ते सगळे तेथेच असतात.