शहर सोडून मूर्तिजापूरला जावे काय?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही विचारवंत नाही. बी. ए. होऊन बँकेत कारकून म्हणून लागलो आणि आज पंचेचाळिशीला आलो तरी कारकूनच आहोत. तेव्हा मोठ्या विषयावर बोलण्यापेक्षा गेले वर्षभर आमच्या घरात ज्या एका प्रश्नावर चर्चा चालली आहे, तोच आपल्यापुढे ठेवावा असे ठरविले. कल्याण सोडून अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरला राहावयास जावे काय, हा तो प्रश्न. तो आमच्या एकट्या घरचा नाही. या सभागृहात बसलेल्या निम्म्या कुटुंबांत तो आज ना उद्या निघणार आहे, कारण आपले वडील कुठून तरी आले, शहरात राबले, आणि आता कुणाची आई गावाकडे एकटी आहे, तर कुणाच्या डोक्यावर घराच्या कर्जाचा डोंगर आहे.

प्रथम शहराचे ऋण मान्य केले पाहिजे. आमचे आजोबा दुसऱ्याच्या शेतात सालदारी करीत. वडील रेल्वेत गँगमन लागले म्हणून आम्ही शाळेत गेलो. कुर्ला, कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ या रेल्वेच्या गावांतून आपल्या समाजाच्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्या केवळ पोटासाठी नव्हेत. गावात वर्षाच्या शेवटी धान्याच्या मापावर हिशेब होई आणि मालक म्हणेल ते खरे असे. रेल्वेत महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळे आणि तो कुणापुढे हात न जोडता मिळे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. रोख पगारावर जगणारा माणूस संघटित होऊ शकतो, हे तिथे दिसून आले.

म्हणूनच आमचा विचार बाहेर पडताच संस्थेतील एका ज्येष्ठांनी आम्हांला हटकले. ते म्हणाले, “अहो, बाबासाहेबांनी खेडी सोडा म्हणून सांगितले आणि तुम्ही उलट्या पावली निघालात?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर कडक टीका केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांचा रोख कशावर होता? मातीवर, झाडांवर, की अंतरावर? त्यांचा रोख होता तो माणसाला जन्माने बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेवर. १९४२ च्या जुलै महिन्यात नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, तेव्हा अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी करण्यात आली. म्हणजे ग्रामीण भागात राहूच नये असे नव्हे, तर दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहू नये, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. शिक्षणाचेही तसेच. सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली मुंबईत निघाले, पण लगेच १९५० साली त्यांनी मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दुसरे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. जिथे काहीच नव्हते तिथे ते स्वतः गेले. तेव्हा कुठे राहता यापेक्षा कसे राहता, कुणाच्या आधाराने राहता, हा खरा प्रश्न आहे.

आता मूर्तिजापूरविषयी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सपाट प्रदेशाला वऱ्हाडात पयनघाट म्हणतात. त्या सपाटीवरचे हे तालुक्याचे गाव. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती; त्याच जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांच्या वर होती. मुंबई-नागपूर मार्गावरचे हे जंक्शन. रात्री मुंबईहून निघालेला माणूस उजाडण्याच्या सुमारास तिथे उतरतो. कापसाच्या वाहतुकीसाठी इंग्रजी कंपनीने घातलेली यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ‘शकुंतला’ ही छोटी गाडी इथूनच सुटे. गेल्या दशकात तिच्या फेऱ्या थांबल्या. गाडगेबाबांचे बालपण याच तालुक्यातील दापुरा गावी मामाच्या घरी गेले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन करणारे हेच गाडगेबाबा. तेव्हा गाव लहान असले तरी कोरडे नाही.

आमची आई तिथे दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. वडील निवृत्त झाल्यावर दोघे तिकडे गेले. वडील वारले आणि आई मात्र परत यायला तयार नाही. ती म्हणते, “मी काई येत नाई तिकडं. तिथं माणूस माणसाले वयखत नाई.” वय सत्तरीच्या पुढे. मूतखड्याचा त्रास. हा झाला प्रश्नाचा एक भाग.

दुसरा भाग पैशाचा. बँकेतला माणूस म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो, विद्यार्थ्यांनी आकडे लिहून घ्यावेत. समजा, चाळीस लाखांचे गृहकर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे छत्तीस हजार बसतो आणि वीस वर्षांत एकूण ८६ लाखांहून अधिक रक्कम भरावी लागते. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जास्त. तेच कर्ज बारा लाखांचे असेल तर हप्ता दहा हजार आठशेच्या आत राहतो. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग व्यवसायाला, आणि चौथा अडीअडचणीसाठी शिलकीला. आमच्या पगारातून चाळीस लाखांचा हप्ता गेला तर चौथा भाग तर सोडाच, पहिलाही धड उरत नाही.

तिसरा भाग वेळेचा. रोज जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये जातात. वर्षात कामाचे दोनशे सत्तर दिवस धरले तर आठशे दहा तास, म्हणजे जवळजवळ चौतीस दिवस आणि चौतीस रात्री. एवढा वेळ आम्ही उभ्याने, दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून काढतो. मुलीच्या अभ्यासाला बसणे, संस्थेच्या वाचनालयात येणे, हे सारे त्यातून उरलेल्या वेळात करावयाचे.

येथवर ऐकून कुणालाही वाटेल की गाठोडे बांधावे आणि निघावे. पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे, आणि ती न सांगणे म्हणजे आपली फसवणूक होईल.

पहिली गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. तेथे जमिनीखालचे पाणी खारट लागते. ते पिण्यास तर चांगले नाहीच, पण ओलितालाही उपयोगी पडत नाही, जमीन बिघडते. म्हणून घर पाहताना भिंतीचा रंग न पाहता नळ कुठल्या योजनेचा, किती दिवसांआड येतो, आणि शेजारच्या बोअरचे पाणी कसे आहे, हे आधी विचारावे. दुसरी गोष्ट मातीची. तिथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. वरवरच्या पायावर बांधलेले घर दोन-चार वर्षांत तडकते. स्वस्त म्हणून बांधलेले घर पुढे महाग पडू शकते. तिसरी गोष्ट प्लॉटची. अकृषक आदेश नाही, मंजूर ले-आउट नाही, अशा जागेवर कोणतीही बँक सहजासहजी कर्ज देत नाही. दलाल गोड बोलला तरी सातबारा आणि आदेश हातात आल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये. चौथी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आम्ही मुद्दाम मे महिन्यात आठ दिवस आणि पुन्हा जुलैत आठ दिवस जाऊन राहिलो. दिवाळीच्या सुट्टीत पाहिलेल्या गावावरून निर्णय घेऊ नये.

दवाखान्याचा विचारही केला. अकोल्याला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि ते मूर्तिजापूरहून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. दिवसा हे अंतर काही नाही. रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघायचे तर आहे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. आईचे घर लहान म्हणून आम्ही भाड्याच्या घराचा शोध घेतला. एका ठिकाणी घर पसंत पडले, भाडेही ठरत आले. मालकांनी नाव विचारले, मग आडनाव, मग मूळ गाव. चहा पुढे आला होता, तो तसाच राहिला. “आमचे पाहुणे येणार आहेत, सध्या खोली द्यायची नाही,” असे उत्तर मिळाले. पंधरा दिवसांनी त्या घरात दुसरे भाडेकरू राहावयास आल्याचे कळले. कुणी म्हणेल, हे शहरातही होते. होते, आम्ही नाकारीत नाही. पण शहरात एक दार बंद झाले तर पुढच्या गल्लीत शंभर दारे असतात आणि तिथे तुम्हांला कुणी ओळखत नाही. चाळीस हजारांच्या गावात ही बातमी तुमच्या आधी पुढच्या घरी पोचते. आई ज्याला माणुसकीची ओळख म्हणते, त्याच ओळखीची ही दुसरी बाजू आहे.

आमच्या पत्नी एका खाजगी बालवाडीत शिकवितात. मानधन थोडे, पण स्वतःचे. त्यांचा प्रश्न सरळ होता, “तुमची बदली होईल, आईंची सोय होईल. माझे काय?” आमची मुलगी अकरावीत आहे. तिने विचारले, “संध्याकाळी सातनंतर मी एकटी वाचनालयात जाऊ शकेन का?” या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय घरातल्या पुरुषाने निर्णय जाहीर करू नये, असे आमचे मत झाले आहे. १९४२ च्या त्याच नागपूरच्या अधिवेशनात महिलांची स्वतंत्र परिषद भरली होती. ज्या समाजाच्या स्त्रिया त्या काळी व्यासपीठावरून ठराव मांडीत होत्या, त्या समाजाच्या घरात बिऱ्हाड हलविण्याचा ठराव एकट्याने मांडला जावा हे शोभत नाही.

मग आम्ही काय ठरविले? एका वहीत दोन रकाने आखले आणि चौघांनी, आईसह, आपापले म्हणणे लिहिले. आईचे मुलीने लिहून घेतले. त्यातून जे निघाले ते असे. मुलीची बारावी होईपर्यंत हलावयाचे नाही. त्यानंतर ती जिथे प्रवेश मिळेल तिथे, वसतिगृहात राहून का होईना, शिकेल. तिचे शिक्षण गावाच्या मापाने कापावयाचे नाही. आम्ही मूर्तिजापूर किंवा आसपासच्या शाखेसाठी विनंती बदलीचा अर्ज करावयाचा. आईच्या जागेवरच, पाया नीट खोल घेऊन, दोन खोल्या वाढवावयाच्या. त्यामुळे भाड्यासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही आणि कर्ज आवाक्यात राहील. आणि पत्नींनी तिथे स्वतःची बालवाडी सुरू करावी, तिच्या भांडवलाची रक्कम घराच्या रकमेतून आधी बाजूला काढून ठेवावी. ही शेवटची अट त्यांनी घातली आणि ती सर्वांनी मान्य केली. बदली मिळाली नाही, तर नोकरी सोडून जावयाचे नाही, हेही लिहून ठेवले आहे. रोख पगाराने आपल्याला माणसात आणले. तो भावनेच्या भरात सोडण्याची वस्तू नव्हे.

यात आमचा एक लोभही आहे, तो सांगतो. लहान गावाच्या शाखेत खिडकीपलीकडे उभी राहणारी माणसे आपलीच असतात. शिष्यवृत्तीची रक्कम आज आधार जोडलेल्या खात्यात थेट येते. जोडणी नीट नसेल तर पोरगा महिनोन् महिने हेलपाटे घालतो. बचत गटाची बाई पासबुक उलटेसुलटे करून पाहते आणि विचारायला संकोचते. खिडकीच्या आत बसलेल्या एका माणसाने पाच मिनिटे देऊन समजावून सांगितले तर त्या पोराचे वर्ष वाचते. कल्याणला आम्ही नसलो तरी दुसरा कुणी हे काम करील. तिथे कदाचित लवकर कुणी मिळणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला आम्ही गावाकडे चला असे सांगत नाही. तुमचे वय शहरात, मोठ्या वाचनालयांत, मोठ्या स्पर्धेत उतरण्याचे आहे. शिका, पुढे जा, परदेशीही जा. फक्त कधी निर्णयाची वेळ आली तर कुणी थोर म्हणाले म्हणून, सगळे जातात म्हणून, किंवा आईच्या डोळ्यांत पाणी आले म्हणून ठरवू नका. एखादी गोष्ट परंपरेने चालत आली किंवा कुणी मोठ्याने सांगितली म्हणून खरी मानू नये, स्वतः पारखून घ्यावी, हीच तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आहे. पाणी चाखा, माती पाहा, हिशेब मांडा, घरातल्या स्त्रियांना विचारा, आणि जिथे जाल तिथे मान ताठ ठेवून राहता येईल काय हे आधी तपासा. ते जमत असेल तर गाव लहान की मोठे याला फार महत्त्व नाही. ते जमत नसेल तर महालही नको.



जयभीम! जय भारत!