एचआयव्ही बरा करण्याची जोखीम

एचआयव्ही शरीरातून कायमचा जाऊ शकतो, हे पहिल्यांदा दिसलं ते बर्लिनमध्ये. टिमोथी रे ब्राऊन यांना एचआयव्हीच्या जोडीला रक्ताचा कर्करोग झाला होता. 2007 मध्ये डॉ. गेरो ह्यूटर यांनी त्यांच्यासाठी मूळपेशींचा असा दाता शोधला, ज्याच्या पेशींवर सीसीआर5 हे प्रथिनच नव्हतं. पेशीत शिरायला एचआयव्हीला बहुधा याच प्रथिनाचा आधार लागतो. विषाणू परतला नाही. पण कर्करोग उलटला, पुढच्या वर्षी दुसरं प्रत्यारोपण करावं लागलं, आणि त्यानंतर ब्राऊन यांची दृष्टी जवळजवळ गेली, चालणं नव्यानं शिकावं लागलं. 2020 मध्ये ते वारले, तेही कर्करोगानंच. कर्करोगानं मरण समोर उभं असताना ही जोखीम रास्त होती. धडधाकट माणसाला तिच्यात लोटणं मला अन्यायाचं वाटतं.

कारण आज एचआयव्ही असलेला माणूस मरणाच्या दारात नसतो. आपल्याकडे 2004 पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, मोफत मिळते. अनेकांना रोज एक गोळी पुरते. वेळेवर सुरू करून ती नेमानं घेतली तर आयुष्य जवळपास इतरांइतकंच लाभतं, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, चाचणीत न दिसण्याइतकं खाली राहिलं तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. विषाणू कायमचा घालवू पाहणाऱ्या नव्या उपचाराला या गोळीपेक्षा सरस ठरायचं आहे. त्यात अडचण अशी, की विषाणू काही पेशींत दडून बसतो आणि तो खरंच गेला का, हे गोळ्या थांबवल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत मिसिसिपीमधलं एक बाळ बरं झालं असं 2013 मध्ये जाहीर झालं. 27 महिने औषधाविना काढल्यावर, 2014 मध्ये, विषाणू पुन्हा दिसला. अशा उपचारांच्या हल्लीच्या चाचण्यांत गोळ्या थांबवल्यावर रक्त वरचेवर तपासतात, विषाणू वाढला की गोळ्या लगेच सुरू करतात, त्यामुळे धोका बराच आटोक्यात राहतो. तरी गोळ्या बंद असतानाच्या दिवसांत जोडीदाराला लागण झाल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि संमतीपत्रावर त्या जोडीदाराची सही नव्हती.

यावर कोणी म्हणेल, जन्मभर गोळ्या घेणाऱ्याचं ओझं तुम्ही कसं मोजणार? आक्षेप खरा आहे. डबीवरचं लेबल खरवडून ती कपाटात कपड्यांखाली ठेवावी लागते, एआरटी केंद्राच्या रांगेत कोणी ओळखीचं भेटेल म्हणून दूरच्या गावचं केंद्र गाठावं लागतं. यातून सुटण्यासाठी कोणी मोठी जोखीम पत्करायला तयार झालं, तर त्याला वेड्यात काढण्याचा हक्क मला नाही. म्हणूनच हे संशोधन थांबता कामा नये. पण ही लाज समाजानं लादलेली आहे, आणि विषाणू गेल्यानंतरही प्रतिपिंडं काही काळ रक्तात राहू शकतात, म्हणजे साधी चाचणी तेव्हाही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि लाज तशीच राहू शकते. शिवाय नव्या उपचारांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून भाग घेणाऱ्याला स्वतःला बहुधा काहीच मिळत नाही. मिळालंच तर ते पुढच्या रुग्णांना. हे संमतीपत्राच्या पहिल्याच पानावर, त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेलं असावं, आणि जोडीदाराच्या प्रतिबंधक गोळ्यांची सोय भाग घेणाऱ्याची गोळी थांबवण्याआधी झालेली असावी.