एक लॅपटॉप, दोन कामे

गेवराई, माजलगाव, केज, आष्टी, बाजारगाव कोणतेही घ्या. खत-बियाण्यांच्या दुकानात, सेवा केंद्रात, अडतीवर आता खतावणीच्या जोडीला लॅपटॉप आलेला आहे. बिल त्यावर, उधारी त्यावर, जीएसटीचे विवरणपत्रही त्यावरच. आणि त्याच घरात बारावीला किंवा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा किंवा मुलगी असते. त्यांना संगणकावर अभ्यास करावयाचा असतो आणि, खरे सांगायचे तर, खेळायचेही असते. मग घरात बोलणे निघते, की दोन यंत्रे घेण्याची ऐपत नाही; एकच असे घेऊ, की जे दिवसा धंदा पाहील आणि रात्री खेळालाही चालेल. असे यंत्र मिळते काय, आणि घ्यायचेच तर काय पाहून घ्यावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

काम आणि खेळ ह्यांची एकाच यंत्रावर सांगड घालणे ही आजकालच्या पोरांची टूम आहे, असे मात्र समजू नका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशातला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६२ साली, अमेरिकेतील एमआयटी ह्या विद्यापीठातल्या तरुणांनी तिथल्या एका महागड्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ नावाचा अंतराळयुद्धाचा खेळ रचला. यंत्र आणलेले होते अभ्यासासाठी. पण खेळ रचता रचता त्या मुलांनी यंत्राची ताकद किती आहे, हेही आजमावून पाहिले. तेव्हा खेळ म्हटला की तो वायाच, हा ग्रह आधी बाजूला ठेवू या.

एक खत दुकानदार गृहस्थ मध्यंतरी मला म्हणाले, “सर, पोरगं म्हणतंय लाखाचा घ्या. माझा हिशेब तर साध्या यंत्रावर बी होतोय. मग वरचे पैसे कशाचे?”

प्रश्न अगदी रास्त आहे. वरचे पैसे असतात ते मुख्यतः ग्राफिक्स कार्डाचे. बघा, हिशेबाचे काम प्रोसेसर करतो. प्रोसेसर म्हणजे पेढीवरचे आठ-दहा हुशार कारकून. अवघड काम ते झटपट उरकतात. पण खेळाचे गणित निराळे आहे. लॅपटॉपच्या नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात; म्हणजे वीस लाखांहून अधिक. खेळात मोटार धावू लागली, की ह्या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा नव्याने ठरवावा लागतो. इथे आठ-दहा कारकून काय करणार? इथे ऊसतोडीची टोळी हवी. प्रत्येकाच्या हातात एकच सोपे काम, पण सगळे एकदम फडात उतरलेले. अशी हजारो लहान लहान गणकांची टोळी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. टॅलीसारख्या हिशेबाला, पत्रव्यवहाराला, शिक्षकांच्या प्रश्नपत्रिकांना ही टोळी लागत नाही. म्हणून फक्त धंदा असेल, तर त्या कार्डावर एक पैसाही घालू नये.

पण खेळही सगळे सारखे नसतात. ‘व्हॅलोरंट’सारखा खेळ वेगळ्या कार्डाशिवायही, प्रोसेसरमधल्या अंगभूत चित्रशक्तीवर, बऱ्यापैकी चालतो. नव्या, मोठ्या, चित्रपटासारख्या दिसणाऱ्या खेळांना मात्र कार्ड लागतेच, आणि त्यांतल्या कित्येकांना एकट्याला शंभर जीबीहून अधिक जागा लागते. म्हणून मुलाला आधी विचारा, “बाबा रे, तू नेमकं काय खेळणार?” दोन-तीन खेळांची नावे कागदावर लिहून घ्या. प्रत्येक खेळाचा कर्ता आपल्या खेळाला कमीत कमी काय लागते, हे जाहीर करीत असतो. त्या यादीशी यंत्र ताडून पाहा. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. आणि औताला देवणी हवा की शर्यतीला खिल्लार, हे घरून ठरवून निघतो. इथेही तसेच करावे.

आता दुकानात गेल्यावर काय पाहायचे?

रॅम १६ जीबी असावी. आठ जीबीवर हिशेब होईल, नवे खेळ अडखळतील. शक्य तर आठ-आठच्या दोन पट्ट्या असाव्यात, म्हणजे काम वेगाने होते. आणि पुढे वाढविण्याची सोय आहे काय, हेही विचारावे. साठवण एसएसडी प्रकारचीच असावी, निदान ५१२ जीबी. शक्य असेल तर दुसरी एसएसडी बसविण्यास जागा असलेले यंत्र घ्यावे.

कार्डाच्या बाबतीत नुसत्या नावावर जाऊ नका. ‘आरटीएक्स ४०५०’ हे लॅपटॉपचे कार्ड ३५ वॅटांपासून ११५ वॅटांपर्यंत निरनिराळ्या शक्तीवर बसविता येते. नाव एकच, पण कामात मोठा फरक. पातळ, देखण्या यंत्रात ते बहुधा कमी वॅटांवर बसविलेले असते. तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारा, “हे कार्ड किती वॅटांचं आहे?” त्याला सांगता आले नाही, तर कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे.

दुकानाच्या दृष्टीने कळफलकावर उजवीकडे आकड्यांचा स्वतंत्र गट असावा. दिवसभर रकमा मारणाऱ्याला त्याची किंमत कळते. छपाईयंत्र, अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीची कांडी एवढे सगळे जोडायला जुन्या धाटणीच्या यूएसबी जागा निदान दोन-तीन असाव्यात. विंडोज अधिकृत, यंत्राबरोबरच आलेले असावे. जुने यंत्र घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जे यंत्र विंडोज ११ ला पात्र नाही, ते स्वस्तात मिळाले, तरी ज्यावर आपले बँकेचे व्यवहार होतात, अशा कामाला ते घेऊ नये.

ह्यापुढची गोष्ट विजेची आहे, आणि आपल्या भागात ती विसरून चालत नाही. हिशेब करताना लॅपटॉप पंधरा-वीस वॅटांत भागवतो. तोच खेळ चालू झाला, की दीडशे-दोनशे वॅट ओढतो. म्हणजे छताच्या दोन-तीन पंख्यांइतके. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर खेळ चालू ठेवलात, तर बाकीच्या घराचा उजेड लवकर संपेल. बॅटरीवर म्हणाल, तर ती इतकी शक्ती पुरवू शकत नाही. यंत्र आपोआप मंदावते आणि तासाभराच्या आतच मान टाकते. खेळ हा वीज असतानाच खेळावयाचा, हा नियम घरात घालून द्यावा. बोर्डाला अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून पाहून घ्यावे.

उष्णतेचेही तसेच. पुष्कळ लॅपटॉप पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत चालावेत, अशा हिशेबाने बनविलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. गादीवर, गोधडीवर यंत्र ठेवून खेळले, तर खालची हवा कोंडते. ते टेबलावरच ठेवावे. दुकानात कापसाची तूस, खताची भुकटी उडत असेल, तर वर्षातून एकदा तरी आतला पंखा जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावा.

दुरुस्तीची चौकशी पैसे देण्याआधी करावी. सेवा घरपोच आहे, की यंत्र घेऊन आपणच छत्रपती संभाजीनगरला सव्वाशे किलोमीटर जायचे? कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचा पिनकोड घालून पाहता येतो. पावणेदोन हजार रुपये कमी पडतात म्हणून घरपोच सेवा सोडून देणे आणि पुढे ऐन पेरणीत आठ दिवस यंत्रावाचून बसणे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

पैशाचाही एक मुद्दा आहे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा, मूळ किंमत ६०,००० रुपये. कर झाला १०,८०० आणि एकूण ७०,८००. आपण नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणारे व्यापारी असाल आणि बिल दुकानाच्या क्रमांकावर घेतलेत, तर ह्या कराची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेत असाल, तर मिळत नाही. पण कायदा असेही सांगतो, की वस्तू काही धंद्यासाठी आणि काही घरासाठी वापरली, तर वजावट धंद्याच्या हिश्श्यापुरतीच. तेव्हा मुलाच्या खेळाचे सगळे ओझे सरकारवर टाकू नये. कर-सल्लागाराला खरे काय ते सांगून हिस्सा ठरवून घ्यावा. हप्त्यांवर घ्यावयाचे असेल, तर उचलीचा अनुभव आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. महिन्याचा हप्ता किती, एवढेच न विचारता अखेरीस एकूण किती द्यावे लागणार, ते विचारा.

आता मुख्य गोष्ट. त्या दुकानदार गृहस्थांना मी एवढेच विचारले, “यंत्र रात्री कुठं राहणार?” ते थबकले. मुलगा राहतो वसतिगृहात, संभाजीनगरला. यंत्र दोन कामे करील. पण दोन गावी राहणार नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला ११ तारीख आणि २० तारीख चुकवून चालत नाही. त्या दिवशी खतावणी मुलाच्या पिशवीत असली, तर काय करावे? अशा घराने साध्या किमतीचे एक यंत्र दुकानात ठेवावे आणि मुलाला त्याच्या अभ्यासाला लागेल तेवढ्याच ताकदीचे निराळे घ्यावे. दोहोंची बेरीज पुष्कळदा त्या एका लाखाच्या आसपासच जाते. बाप-लेक एकाच छपराखाली राहत असतील, तरच एक यंत्र शोभते.

आणि एका छपराखालीही दोन दारे हवीत. विंडोजमध्ये दुकानाचे खाते निराळे, मुलाचे निराळे. दोघांचे संकेतशब्द निराळे. आणि मुलाच्या खात्याला नव्या गोष्टी बसविण्याचा अधिकार नाही. काही बसवायचे असेल, तर वडिलांसमोर. ह्याचे कारण असे, की फुकट मिळणाऱ्या चोरीच्या खेळांतून अनेकदा विषाणू येतात. त्यांतले काही सगळ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागतात. मग हंगामभराची उधारी, कोणाकडे किती पोती गेली, कोणाचे किती आले, सारेच गेले. शेतकऱ्याच्या तोंडी शब्दावर ती परत उभी करता येईल. पण भांडणे किती होतील, ते तुम्हीच मनात आणा. म्हणून रोज दुकान बंद करताना हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो काढून गल्ल्यात ठेवावा. यंत्राला जोडलेलाच राहिला, तर विषाणू त्यालाही सोडत नाही.

पालकांची एक भीती मी ओळखून आहे. ‘गेम’ म्हटले, की त्यांच्या डोळ्यांपुढे पैसे लावून खेळायची रमी येते. ती भीती खोटी नाही. म्हणूनच २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना, निराळी मान्यता दिली. चीनमधील हांगचौ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्सला पदकेही होती. हा भेद शिक्षक मंडळींनी वर्गात समजावून सांगितला, तर घरातला निम्मा वाद मिटेल. राहिला प्रश्न वेळेचा. तो यंत्र घेण्याआधीच बोलून ठरवावा, मागाहून नव्हे.

तेव्हा खरेदीला निघाल तेव्हा बाप-लेकांनी बरोबर जावे. खेळांची यादी मुलाच्या हातात असू द्या. दुकानाच्या गरजांची यादी वडिलांच्या. दोन्ही याद्यांतल्या सगळ्या ओळींवर खूण झाली, तर पैसे द्या. नाही झाली, तर चहा घेऊन परत या. हंगाम जवळ आला आहे म्हणून घाई करू नका.