राजाच्या पंगतीतली चिनी माती

कोकणात लोटे-परशुरामच्या डोंगराखालून वाहणारी वाशिष्ठी नदी दाभोळला समुद्राला मिळते. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे दख्खनचं मोठं बंदर होतं. तसंच चौल. चौलच्या उत्खननात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना चिनी पोर्सलेनचे तुकडे मिळाले आहेत.

केओलिन ही पांढरी माती आणि विशिष्ट दगडाची पूड एकत्र मळून, सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली की पोर्सलेन तयार होतं: पातळ, तरीही कणखर. चीनमधल्या जिंगदेजेनच्या भट्ट्या सम्राटांसाठी राबत. दिल्लीत तुघलकांच्या राजवाड्याच्या जागी १४व्या शतकातली अशी भांडी सापडली; काहींवर शाही मुदपाकखान्याची खूण आहे. सेलाडॉन या हिरवट झिलईच्या चिनी थाळीत विषारी अन्न वाढलं तर ती तडकते, असा दरबारांत समज होता. युरोपात पोर्सलेन बनवण्याची विद्या बरीच उशिरा साधली. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याने १७१० मध्ये माइसनचा कारखाना काढला.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी जमवलेली चिनी भांडी जरूर पाहा. आणि खाडीकाठी निळ्या नक्षीची जुनी खापरी दिसली, तर ती जागची न हलवता पुरातत्त्व विभागाला कळवा. आपल्या बंदरांचा इतिहास अशा तुकड्यांतूनच उलगडतो.